रशियन भाषा शिकताना : प्रदेशाची अस्सल संहिता वर्गात का हवी?



‘भाषा ही संस्कृतीची वाहक असते’ हे विधान तुम्ही या अभ्यासक्रमात अनेकदा वाचले असेल. उत्तरपत्रिकेत ते लिहिलेही असेल. विधान खरे आहे. परंतु ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्यात दडलेला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. भाषा संस्कृती वाहून नेते हे मान्य. पण कोठली संस्कृती आणि कोणाची? प्रस्तुत लेखात हा प्रश्न मी रशियन भाषेच्या अध्यापनाच्या संदर्भात मांडणार आहे. स्वतःच्या भाषेविषयी विचार करताना अनेक गोष्टी आपण गृहीत धरतो. परकी भाषा शिकणाऱ्याला ही सवलत नसते. त्यामुळे तेथे प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो.

एका शब्दापाशी अडलेला संवाद

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे रशियनचे प्राथमिक धडे घेतलेली एक विद्यार्थिनी उराल पर्वताच्या परिसरातील एका शहरी वैद्यकीय शिक्षणासाठी गेली. महाराष्ट्रातून अनेक मुले-मुली या शिक्षणासाठी रशियात जातात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तेथील अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना वर्गातील विषय इंग्रजीतून शिकवतात. पण रुग्णालयातील खाटेवरचा रुग्ण रशियनच बोलतो. तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात जाऊ लागल्यावर एक दिवस तिचा फोन आला. खेड्यातून आलेल्या एका वृद्ध बाईंना तिने कोठे दुखते असे विचारले होते. बाई म्हणाल्या, ‘क्रिल्त्सा’ दुखतात. हिने शिकलेला शब्द होता ‘क्रिल्त्सो’, म्हणजे घराच्या दारापुढचा पायऱ्यांचा ओटा. ‘क्रिल्त्सा’ हे त्याचेच अनेकवचन. आजीबाईंचे ओटे दुखत होते! हिला हसू आवरले नाही. आजीबाईंनी ते पाहिले आणि पुढच्या एकाही प्रश्नाला नीट उत्तर दिले नाही.

नंतर तेथील परिचारिकेने उलगडा केला. उरालमधील आणि सायबेरियातील जुन्या बोलीत ‘क्रिल्त्सा’ म्हणजे खांद्याचे फरे, पाठीचा वरचा भाग. ‘क्रिलो’ म्हणजे पंख. त्यावरून हा शब्द आला. जेथे पंख फुटावेत ती जागा म्हणजे ‘क्रिल्त्सा’. प्रमाण रशियनमध्ये याच अवयवाला ‘लपात्का’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे लहान फावडे. म्हणजे पुस्तकाने फावडे पाहिले, आजीबाईंनी पंख. आपल्याकडेही ‘पखोटा’ हा शब्द पंखापासून खांद्याकडे आलेला आहे. तेव्हा ती प्रतिमा मराठी मुलीला परकी वाटण्याचे काही कारण नव्हते. फक्त ती तिच्यापर्यंत कोणी पोहोचवली नव्हती.

ते काम माझे होते. इतकेच नव्हे, तर ती येथून निघाली तेव्हा मी तिला उलट सल्ला दिला होता: ‘बोलीतल्या शब्दांच्या मागे लागू नकोस, प्रमाण भाषा पक्की कर.’ या सल्ल्याचा मला आज पश्चात्ताप होतो. परदेशी विद्यार्थ्यांना रशियन भाषा व संस्कृती शिकवताना त्या त्या प्रदेशातील अस्सल संहिता प्रारंभापासूनच अभ्यासात असाव्यात, हे माझे मत त्या पश्चात्तापातून आणि नंतरच्या विचारातून बनले आहे.

दोन संज्ञा

पुढे जाण्यापूर्वी दोन संज्ञा स्पष्ट करू. ‘अस्सल संहिता’ म्हणजे भाषा शिकणाऱ्यासाठी मुद्दाम न रचलेली संहिता. पाठ्यपुस्तकातील ‘इवान बाजारात जातो’ हा संवाद अस्सल नव्हे. बाजारातील दुकानावरची पाटी अस्सल होय. खाणावळीतील पदार्थांची यादी, जिन्यात लावलेली पाणी बंद असल्याची सूचना, स्थानिक वर्तमानपत्रातील छोटी जाहिरात, लोककथा, प्रवासवृत्त, कादंबरीतील उतारा या सर्व अस्सल संहिता होत. बोललेली आणि ध्वनिमुद्रित केलेली आठवणही संहिताच असते.

‘प्रादेशिक’ म्हणजे केवळ बोलीतील असे समजू नये. एखादी संहिता पूर्णतः प्रमाण भाषेत असूनही एका प्रदेशाच्या जगण्यातून आलेली असू शकते. सैबेरियन नदीकाठच्या गावावरील कादंबरी प्रमाण रशियनमध्ये लिहिलेली असते. पण तिच्यातील नदी, घर आणि मरण हे त्या प्रदेशाचेच असते.

‘सरासरी रशिया’ची निर्मिती

परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्याचे काम सोव्हिएत काळात मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. 1960 मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थी तेथे येऊ लागले. 1966 मध्ये पूश्किन यांच्या नावाची, रशियनच्या अध्यापनाला वाहिलेली संस्था सुरू झाली. 1973 मध्ये येव्हगेनी व्हेरेश्चागिन आणि विताली कोस्तोमारोव या अभ्यासकांचे ‘भाषा आणि संस्कृती’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शब्दाला कोशातील अर्थापलीकडे एक पार्श्वभूमी असते. ती मातृभाषकाला न शिकवता मिळते आणि परक्याला शिकवावी लागते, हा त्यांचा मूलभूत विचार. आजही तो मला मोलाचा वाटतो.

परंतु हा विचार वर्गात उतरला तेव्हा ‘मातृभाषक’ म्हणजे कोण, हे एका सरासरी माणसावरून ठरवले गेले. माझ्या पिढीने सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त आणि देखणी पाठ्यपुस्तके वापरली. त्यांतील कुटुंब बहुधा मॉस्कोत राहत असे, मेट्रोने प्रवास करी आणि रविवारी संग्रहालयात जाई. संस्कृतीच्या धड्यात समोवार, मात्र्योश्का बाहुली आणि लाल चौक ठरलेले असत. हा रशिया खोटा नव्हता. पण त्याला गाव नव्हते.

वास्तविक या ‘राष्ट्रीय’ वस्तूंचा उगम पाहिला तर काय दिसते? समोवारची ख्याती तूला शहराची. मात्र्योश्का ही मॉस्कोजवळच्या सेर्गियेव पोसाद येथील कारागिरांनी वाढवली. लाल-काळ्या-सोनेरी रंगाची लाकडी भांडी ही निझ्नी नोवगोरद प्रांतातील खोखलोमा शैलीची, लेस वोलोग्दाची, बकरीच्या मऊ केसांची शाल ओरेनबुर्गची. प्रत्येक वस्तूवर गावाची चिठ्ठी होती. पाठ्यपुस्तकाने ती काढून त्या जागी देशाची चिठ्ठी लावली. राष्ट्रीय संस्कृती म्हणून जे शिकवले जाते ते पुष्कळदा असे नाव पुसलेले प्रादेशिक असते. ते नाव परत लिहिणे, एवढीच या लेखाची मागणी आहे.

भेद किती आणि कोठे?

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रशियाचा विस्तार अकरा कालविभागांचा असला, तरी त्या मानाने शहरी रशियन भाषा आश्चर्य वाटावे इतकी एकसारखी आहे. शाळा, सैन्य, नभोवाणी आणि मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर यांमुळे जुन्या बोली मुख्यतः खेड्यांतील वृद्धांच्या बोलण्यात उरल्या आहेत. पश्चिमेच्या कालिनिनग्रादचा माणूस प्रशांत महासागराकाठच्या व्लादिवस्तोकमध्ये सहज बोलू शकतो. मग प्रादेशिकतेचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील.

उत्तर शोधण्यासाठी भेद कोठे टिकले आहेत ते पाहा. पदपथाच्या दगडी कडेला मॉस्कोत ‘बर्द्यूर’ म्हणतात, पीटर्सबुर्गमध्ये ‘परेब्रिक’. इमारतीच्या सामाईक प्रवेशजिन्याला मॉस्कोत ‘पद्येज्द’, तर पीटर्सबुर्गमध्ये ‘परादनाया’. अंग घासण्याची घासणी प्रमाण भाषेत ‘मचाल्का’. उराल व सायबेरियात तीच ‘विखोत्का’. कागद ठेवण्याच्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीला सायबेरियातील कचेऱ्यांत ‘मुल्तिफोरा’ म्हणतात. मॉस्कोतील कारकुनाला हा शब्द ऐकून प्रश्न पडतो. दक्षिणेत दोन नदीकाठच्या रस्तोव्हकडे वांग्यांना ‘सिनेन्किये’, म्हणजे ‘निळुली’ म्हणतात. बैकाल सरोवराच्या परिसरात खाणावळीच्या पाटीवर ‘पोझी’ असे लिहिलेले आढळते. कोशात पाहाल तर अर्थ मिळेल ‘शरीराच्या ठेवणी’, ‘आविर्भाव’. प्रत्यक्षात तो मूळ बुर्यात लोकांचा पदार्थ: मोदकासारखा चुण्या घातलेला, आत मांस भरून वाफवलेला.

उच्चारातही असेच. दूध या अर्थाचा शब्द लिहिताना ‘मोलोको’ असा लिहितात. प्रमाण उच्चार ‘मलाको’ असा होतो, कारण आघात नसलेला ‘ओ’ तेथे टिकत नाही. उत्तरेकडील जुन्या बोलीत मात्र तो ‘ओ’ शाबूत आहे. दक्षिणेत ‘ग’ हा व्यंजनध्वनी घर्षक होऊन ‘ह’च्या जवळ जातो. ही माहिती मिळालेला विद्यार्थी उत्तरेतल्या आजोबांचे बोलणे ऐकून गोंधळत नाही. उलट लिहिलेले जसेच्या तसे कानी पडले म्हणून सुखावतो.

आता या यादीकडे पुन्हा पाहा. व्याकरणाच्या गाभ्यात फारसा भेद नाही. भेद आहे तो घर, अन्न, अंगण, स्नान, हवामान आणि शरीर यांच्या शब्दांत. म्हणजे संस्कृती जेथे प्रत्यक्ष जगली जाते नेमक्या त्याच ठिकाणी. भेद थोडे आहेत म्हणून ते सोडून द्यावेत, हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. थोडे आहेत, म्हणून ते शिकवणे शक्य आहे. आणि योग्य जागी आहेत, म्हणून ते शिकवणे आवश्यक आहे.

त्वेरचा व्यापारी आणि जुन्नरचा ‘हिवाळा’

अस्सल प्रादेशिक संहिता काय करू शकते, याचे एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात वोल्गाकाठच्या त्वेर शहरातील अफानासी निकीतिन हा व्यापारी समुद्रमार्गे कोकणातील चौल बंदरात उतरला. घाट चढून तो जुन्नरला आला, तेथे पावसाळ्यात राहिला आणि पुढे बहमनी राजधानी बीदरला गेला. परतीच्या प्रवासात, स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू झाला. पण त्याने लिहून ठेवलेले ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे वृत्त रशियन बखरींत जपले गेले. त्वेरमध्ये वोल्गाच्या काठी 1955 पासून त्याचा पुतळा आहे आणि आपल्या रेवदंड्यातही त्याचे स्मारक आहे.

त्वेरमध्ये आज भारतीय विद्यार्थी वैद्यकशास्त्र शिकतात. अशा विद्यार्थ्यासमोर पाठ्यपुस्तकातील ऋतूंचा धडा ठेवण्याऐवजी निकीतिनचा जुन्नरवरील परिच्छेद आधुनिक रशियन रूपांतरात ठेवून पाहा. जुन्नर दगडी डोंगरावर वसलेले आहे, वाट इतकी अरुंद की दोन माणसे एका वेळी जाऊ शकत नाहीत, असे तो सांगतो. चार महिने दिवस-रात्र सगळीकडे पाणी आणि चिखल होता, त्याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, असेही सांगतो. आणि या काळाला तो म्हणतो ‘झिमा’. झिमा म्हणजे हिवाळा!

मराठी विद्यार्थी येथे थबकतो. ज्येष्ठ-आषाढातल्या जुन्नरला हिवाळा कसा म्हणावा? निकीतिनला थंडी वाजत नव्हती, हे उघड आहे. मग ‘झिमा’ या शब्दात थंडीखेरीज आणखी काय होते? त्याच्या त्वेरमध्ये वाटा बंद करणारा, माणसाला एका जागी अडकवणारा, व्यापार थांबवणारा ऋतू म्हणजे झिमा. पावसाळ्याचा अनुभव नसलेल्या माणसाने त्या अडकून पडण्याला आपल्या गावचा शब्द दिला. ‘झिमा’चा अर्थ ‘हिवाळा’ एवढाच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे कधी कळले नसते. व्हेरेश्चागिन व कोस्तोमारोव ज्याला शब्दाची पार्श्वभूमी म्हणतात, ती येथे व्याख्येवाचून समजते. आणि ती समजते कारण संहितेला एक निश्चित गाव आहे, किंबहुना दोन गावे आहेत.

साहित्यातील प्रदेश

ललित साहित्याकडे वळू. उरालमधील पावेल बझोव यांचा ‘मलाखित मंजुषा’ हा कथासंग्रह 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. खाणकामगार, दगड घडवणारे कारागीर आणि तांब्याच्या डोंगराची मालकीण यांच्या या कथा. त्यांतील खाणकामाचे आणि गावरान शब्द इतके स्थानिक होते, की बझोव यांनी स्वतः त्यांचा अर्थ सांगणारी शब्दसूची तयार केली. या गोष्टीचे शैक्षणिक महत्त्व मोठे आहे. लेखकाने ही सूची परदेशी वाचकासाठी केली नव्हती. ती रशियन वाचकासाठी होती. म्हणजे या कथांपुढे मॉस्कोचा वाचक आणि आपला विद्यार्थी बऱ्याच अंशी एका बाकावर बसतात. भाषा शिकणाऱ्या प्रौढाला सतत छळणारी भावना कोणती, हे तुम्हांला अनुभवाने माहीत आहे: ‘सर्वांना कळते, मलाच कळत नाही.’ प्रादेशिक संहिता ही भावना काही काळ तरी दूर करते.

दुसरे उदाहरण वालेंतिन रास्पूतिन यांच्या ‘मत्योराचा निरोप’ या 1976 च्या कादंबरीचे. अंगारा नदीतील मत्योरा नावाच्या बेटावरचे गाव वीजप्रकल्पाच्या धरणात बुडणार आहे. लेखकाचे स्वतःचे बालपणीचे गावही अशाच प्रकल्पामुळे पाण्याखाली गेले होते. कादंबरीतील दार्या ही वृद्धा आपले घर जाळले जाण्यापूर्वी ते घासूनपुसून, चुना लावून स्वच्छ करते. जणू मृत देहाला अखेरचे स्नान घालते. कोयना, उजनी किंवा सरदार सरोवराच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, त्यांच्या घरी वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. त्याला शब्द अडतील, दार्या अडणार नाही. लाल चौकाच्या छायाचित्राशी त्याचे असे नाते जुळणे अवघड आहे. दोन देशांची ओळख राजधान्यांमार्फत होते तेव्हा ती औपचारिक राहते. दोन खेडी एकमेकांना लवकर ओळखतात.

तीन आक्षेप

माझ्या मताविरुद्धचे आक्षेप मी सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकले आहेत. त्यांतील तीन विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप परीक्षेचा. परदेशी विद्यार्थ्यांची रशियनची प्रमाण-परीक्षा प्रमाण भाषेतच होते. ‘विखोत्का’ला तेथे गुण नाहीत. हे खरे आहे आणि म्हणूनच विद्यार्थ्याने प्रमाण भाषेतच बोलावे-लिहावे, असे माझेही मत आहे. परदेशी माणसाने बोलीची नक्कल केली, तर ती स्थानिकांना थट्टाही वाटू शकते. पण बोलणे आणि समजणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. डॉक्टरने ‘लपात्का’ म्हणावे. ‘क्रिल्त्सा’ मात्र त्याला कळले पाहिजे. बोलण्यासाठी प्रमाण भाषा आणि ऐकण्यासाठी प्रदेश, अशी विभागणी केली की हा विरोध बराचसा मावळतो.

दुसरा आक्षेप काठिण्याचा. सहा विभक्ती आणि क्रियापदाचे पूर्ण-अपूर्ण पक्ष यांतच गुरफटलेल्या विद्यार्थ्यावर आणखी ओझे कशाला? आक्षेपकांच्या मनात अस्सल संहिता म्हटली की कादंबरी येते. परंतु खाणावळीची यादी ही पहिल्या महिन्यातही वाचता येते. इर्कुत्स्कमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पोझी’ हा शब्द कठीण नाही; तो त्याला भूक लागताच पाठ होतो. काठिण्य संहितेच्या लांबीत आणि वाक्यरचनेत असते, प्रादेशिकतेत नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. प्रदेशाचे प्रदर्शन होण्याचा धोका त्यात दाखवलेला आहे. भरतकामाचा पोशाख, लोकगीत, तव्यावरची धिरडी आणि हसरे गावकरी असा सुबक ‘प्रदेश’ तयार करणे सोपे असते. शासकीय पुस्तिका आणि पर्यटनाची पत्रके बहुधा तेच करतात. त्यामुळे समोवाराच्या जागी फक्त दुसरी शोभेची वस्तू येते. हे टाळायचे तर निवडीत विसंवादालाही स्थान हवे: बंद पडलेल्या कारखान्याची आठवण, बसच्या वेळेबद्दलची तक्रार, बुडालेल्या गावाचे दुःख. शिवाय रशियातील सर्व प्रदेश केवळ रशियन वंशाच्या लोकांचे नाहीत. कझान शहरातील रशियन बोलण्यात तातार शब्द सहज येतात. तेथील तिकोनी, मांस-बटाटा भरलेल्या ‘एच्पोच्माक’ या पदार्थाचे नावच तातार भाषेत ‘तीन कोपरे’ असा अर्थ सांगते. बुर्यात, तातार, याकूत यांच्या प्रदेशांतील संहिता वगळून उरलेला रशिया शिकवणे, ही जुनीच चूक नव्या नावाने करणे होय.

अध्यापनाची दिशा

मग शिक्षकाने काय करावे? माझ्या मते पाच तासांपैकी एक तास प्रदेशासाठी राखावा. विद्यार्थी जेथे राहतो किंवा जाणार आहे, त्याच प्रदेशाच्या संहिता निवडाव्यात. संहिता लहान असावी. तिच्यातील शब्द आजही वापरात आहेत का, हे स्थानिक माणसाकडून पडताळावे. आणि त्या शब्दाशी विद्यार्थ्याची एखादी खरी गरज निगडित असावी. वैद्यकीय विद्यार्थ्यासाठी वेदनेच्या शब्दांपासून आरंभ करावा. रशियन माणूस हाड ‘लोमित’ म्हणतो, म्हणजे मोडल्यागत दुखते. दात ‘नोयेत’, म्हणजे मंद कण्हत राहतो. कानात ‘स्त्रेल्यायेत’, म्हणजे गोळी झाडल्यासारखी कळ जाते. ठणकणे, सलणे, चमक भरणे, भगभगणे असे बारीक भेद करणाऱ्या मराठी भाषकाला ही वाट ओळखीची आहे. या सर्वपरिचित शब्दांच्या शेजारी मग प्रदेशाचे शब्द ठेवावेत.

या कामाचा आदर्श रशियन परंपरेतच आहे. 1819 मध्ये नौदलाचे शिक्षण संपवून निघालेला एक तरुण नोवगोरदच्या परिसरातून घोडागाडीने चालला होता. थंडीने तो काकडला होता. गाडीवानाने आभाळाकडे बोट दाखवून त्याला धीर दिला: ‘झमालाझिवायेत’. तरुणाला शब्द कळेना. गाडीवानाने सांगितले, आभाळ भरून येत आहे, म्हणजे आता ऊब येईल. तरुणाने तो शब्द वहीत उतरवून घेतला. तो तरुण व्लादीमिर दाल. पुढे तो डॉक्टर झाला, प्रशासनात गेला, ओरेनबुर्गला राहिला आणि जेथे गेला तेथे शब्द टिपत राहिला. 1863 ते 1866 या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चार खंडी कोशात सुमारे दोन लाख शब्द आहेत. भरून आलेले आभाळ आपल्याला पाऊस सांगते, नोवगोरदच्या गाडीवानाला ते ऊब सांगत होते. भाषा आणि संस्कृतीचा संबंध यापेक्षा थोडक्यात मला कधी सांगता आलेला नाही. आणि हा धडा दालला कोणत्याही पुस्तकाने दिला नाही. समोरचा माणूस बोलला, याला कळले नाही, आणि याने अर्थ विचारला.

माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढे हेच केले. ‘क्रिल्त्सा’ हा तिच्या वहीतील पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी ती त्याच खाटेपाशी गेली आणि आजीबाईंच्या पाठीवर हात ठेवून तिने विचारले, ‘येथे, क्रिल्त्सा?’ आजीबाईंनी मान हलवली. मग बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांतले अर्धेच आपल्याला कळले, असे तिने मला सांगितले. पण आदल्या दिवशी काहीच कळले नव्हते.

समारोप

प्रमाण भाषा परक्या माणसाला देशाच्या दारापर्यंत नेते. घरात बसलेली माणसे मात्र आपापल्या गावची भाषा बोलतात. रशियन शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला दाराशी सोडून परत फिरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. तुमच्यापैकी काही जण पुढे परप्रांतीयांना किंवा परदेशी व्यक्तींना मराठी शिकवतील. चंद्रपूरच्या बँकेत रुजू झालेल्या अन्य भाषक अधिकाऱ्याला कोणती मराठी शिकवावी आणि मालवणच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला कोणती, हा प्रश्न तेव्हा तुमच्याही पुढे येईल.

विचार व कृतीसाठी

1. ‘बोलण्यासाठी प्रमाण भाषा आणि ऐकण्यासाठी प्रदेश’ ही विभागणी तुम्हांला मान्य आहे का? तुमच्या व्यवसायातील एक उदाहरण घेऊन सकारण लिहा.

2. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीशी बोलून वेदना, पाऊस किंवा अन्न यांविषयीचे पाठ्यपुस्तकात न आढळणारे पाच शब्द टिपा. प्रत्येक शब्द कोणत्या प्रसंगी आला, तेही लिहा.

3. तुमच्या परिसरातील एक अस्सल संहिता निवडा: पाटी, सूचना, जाहिरात अथवा आठवण. मराठी शिकणाऱ्या परक्या व्यक्तीला ती वाचून कोठे अडेल आणि तेथे तुम्ही तिला काय सांगाल, याचा विचार करा.